व्हर्दून : नांगर थांबला म्हणून उरलेली रणभूमी

फ्रान्सच्या ईशान्येला म्यूज नदीच्या काठी व्हर्दून हे गाव आहे. गावाच्या उत्तरेला आणि पूर्वेला ज्या टेकड्या आहेत त्यांवर आज दाट जंगल आहे. रस्त्यावरून पाहिलं तर पाइन, स्प्रूस, बीच अशी थंड मुलखातली नेहमीची झाडं दिसतात. पायवाटेने दहा पावलं आत गेलं की मात्र जमीन वेगळी वाटायला लागते. खाटेएवढीही सपाट जागा सापडत नाही. खड्ड्याला खड्डा भिडलेला, त्याच्या काठावर तिसरा, काहींत पाणी साचलेलं, आणि या सगळ्यातून वाकडीतिकडी जाणारी, अर्धी बुजलेली चर. ते खड्डे तोफगोळ्यांचे आहेत आणि ती चर खंदकाची. वय शंभराच्या वर.

पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडी स्वित्झर्लंडच्या सीमेपासून उत्तर समुद्रापर्यंत पसरली होती. एवढ्या लांबीच्या खंदकांपैकी आज डोळ्यांना दिसतील असे फार थोडे उरलेत. सोम नदीच्या खोऱ्यात गहू आणि बीट डोलतंय, बेल्जियममधल्या ईप्रभोवती बटाट्याची शेतं आहेत. व्हर्दूनच्या टेकड्यांवर मात्र रणभूमीचा चेहरा टिकला, तोही मैलच्या मैल. इथेच का टिकला, हा या प्रकरणातला खरा प्रश्न. स्मारक म्हणून सरकारने तो जपला, हे उत्तर सोपं आहे आणि बरंचसं चुकीचं आहे.

दहा महिन्यांत काय झालं

२१ फेब्रुवारी १९१६ च्या सकाळी जर्मनांनी सुमारे १,२०० तोफांनी मारा सुरू केला. पहिल्याच दिवशी पडलेल्या गोळ्यांची संख्या दहा लाखांच्या घरात धरली जाते. चार दिवसांत दुओमाँचा किल्ला पडला. तो व्हर्दूनभोवतीच्या किल्ल्यांतला सर्वांत मोठा, पण फ्रेंचांनीच त्याचं महत्त्व कमी करून आत मूठभर माणसं ठेवलेली. जर्मनांची एक छोटी तुकडी जवळपास चालत आत शिरली. २४ ऑक्टोबरला तो फ्रेंचांनी परत घेतला. १८ डिसेंबरला लढाई थांबली तेव्हा दोन्ही बाजू जवळपास सुरुवातीच्याच रेषेवर येऊन उभ्या होत्या. मेलेले आणि बेपत्ता मिळून तीन लाखांच्या आसपास. जखमी त्याहून जास्त.

या लढाईत सैन्य फारसं हललं नाही, आणि पुढच्या सगळ्या गोष्टींचं मूळ तिथे आहे. काही किलोमीटरच्या पट्ट्यात दहा महिने तोफा तेच ते कुटत राहिल्या. एकूण गोळे किती, याचा नेहमी दिला जाणारा अंदाज सहा कोटींचा. टेकड्यांची उंची कमी झाली. नकाशावर ३०४ मीटर म्हणून जिचं नावच ‘टेकडी ३०४’ पडलं होतं, तिचा माथा लढाईनंतर काही मीटर खाली आलेला होता. नऊ गावं पुसली गेली. त्यांतलं फ्लरी हे जून ते ऑगस्टच्या दरम्यान सोळा वेळा या हातातून त्या हातात गेलं, असं सांगतात. शेवटी शेवटी तिथे घेण्यासारखं किंवा सोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. विटांच्या भुकटीचा रंग मातीत मिसळलेला, तेवढ्यावरून गाव ओळखायचं.

लाल रंगाचा हिशेब

युद्ध संपल्यावर फ्रान्सने उद्ध्वस्त मुलखाचे नकाशे रंगवले. हिरवा पट्टा म्हणजे थोडं नुकसान, पिवळा म्हणजे बऱ्यापैकी, लाल म्हणजे पार वाट लागलेली जमीन. लाल कशाला म्हणायचं याची कसोटी भावनिक नव्हती, रोखीची होती. १७ एप्रिल १९१९ च्या युद्धनुकसान कायद्यात तरतूद होती की जमीन पूर्ववत करायचा खर्च जमिनीच्या किमतीपेक्षा जास्त येत असेल तर ती सरकारने विकत घ्यावी. म्हणजे किती माणसं मेली, किती शौर्य झालं, याचा विचार तिथे नव्हता. एकरी उत्पन्न किती आणि खड्डे बुजवायची मजुरी किती, एवढंच गणित.

हे गणित जिथे जमिनीच्या बाजूने झुकलं तिथे शेतकरी परत आला. सुरुवातीला देशभरात लाखावर हेक्टर जमीन लाल पट्ट्यात होती. पुढच्या काही वर्षांत ती झपाट्याने आक्रसली, कारण मालक मागे लागले, भांडले आणि आपापले तुकडे सोडवून घेत राहिले. फ्लँडर्स, म्हणजे ईप्रभोवतीचा मुलूख, आणि सोमची कसदार माती सोडायला कोण तयार होणार? तिथे युद्धकैदी, चिनी मजूर आणि गावकरी यांनी खंदक बुजवले, तारा गुंडाळल्या, गोळे वेचून ढीग लावले. गेली शंभर वर्षं तिथला नांगर दर हंगामात गोळे वर काढतो आणि शेतकरी ते बांधावर नेऊन ठेवतो. त्या गोळ्यांना तिकडे ‘लोखंडी पीक’च म्हणतात. पण खड्ड्यांचा मागमूस नाही. नांगराएवढी पूर्ण सफाई दुसऱ्या कशानेच होत नाही.

व्हर्दूनच्या चढणींवरची जमीन आधीच बेताची, त्यावर मारा सर्वांत जास्त. हिशेब तोट्यात गेला. सरकारने जमीन घेतली आणि वनखात्याकडे सोपवली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढच्या काही वर्षांत इथे प्रचंड लागवड झाली. रोपांचा आकडा ३ कोटी ६० लाख सांगितला जातो. ऑस्ट्रियन काळा पाइन मुख्यतः निवडला, कारण चुनखडीच्या निकृष्ट मातीतही तो तग धरतो. जर्मनीकडून नुकसानभरपाईत आलेलं बियाणं आणि रोपंही त्यात होती. झाडं लावून आमच्या सोबत्यांच्या मातीवर पडदा टाकताय, अशी काही माजी सैनिकांची तक्रार होती.

त्यांची तक्रार समजण्यासारखी होती, पण परिणाम उलटा झाला. लागवड करणाऱ्यांनी खड्डे सपाट केले नाहीत. तेवढा पैसाही नव्हता आणि खणायची भीतीही होती. खड्ड्याच्या काठावर, उतारावर, मिळेल तिथे रोप खोचलं. पुढे पानांचा थर साठला, मुळांनी माती धरली, पावसाने काठ ढासळणं कमी झालं. जे उघड्यावर राहिलं असतं ते दोन पिढ्यांत झिजलं असतं. २०१३ मध्ये विमानातून लेझर किरणांनी या जंगलाची मोजणी झाली. झाडं गणितातून वजा करून खालच्या जमिनीचा नकाशा काढला तेव्हा खंदक, दळणवळणाच्या चरी, तोफांच्या जागा, अरुंद रुळांचे मार्ग आणि असंख्य खड्डे अंगावर यावेत इतके स्पष्ट दिसले. झाकायला लावलेल्या जंगलाने रणभूमी जशीच्या तशी मुरवून ठेवली होती.

दिसतं ते

फ्लरीत आज घरं नाहीत. खड्ड्यांवर गवत उगवलंय आणि त्यातून आखलेल्या वाटांवर पांढरे खांब आहेत, ज्यांवर इथे पाववाला, इथे शाळा, इथे शेतकऱ्याचं घर असं लिहिलंय. युद्धापूर्वी या गावात चारशेच्या वर माणसं राहत होती. शेजारचं व्हर्दूनचं स्मारक-संग्रहालय फ्लरीच्या जुन्या रेल्वे स्टेशनच्या जागी उभं आहे. नष्ट झालेल्या नऊ गावांपैकी सहांमध्ये आज एकही रहिवासी नाही, तरी कागदोपत्री ती गावंच आहेत. मतदार नसल्यामुळे निवडणूक होत नाही. जिल्ह्याचा प्रशासक महापौर नेमतो. त्या महापौराचं काम म्हणजे चॅपेल, स्मृतिशिला, वाटा यांची निगा आणि वर्षातून एकदा जुन्या कुटुंबांच्या वंशजांना बोलावणं. फ्रेंच नोकरशाहीत मला आवडलेली ही एक गोष्ट. गाव मेलं म्हणून त्यांनी फाइल बंद केली नाही.

दुओमाँच्या किल्ल्याचा माथा आता चंद्रावरच्या जमिनीसारखा आहे. त्यातून तोफेचा पोलादी घुमट वर आलेला दिसतो, आणि खालचे बोळ बारा महिने ओले. ८ मे १९१६ ला आत स्फोट झाला, शेकडो जर्मन सैनिक गेले. बाहेर माऱ्यात पुरणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांतल्या ६७९ जणांना आतल्याच दालनात ठेवून भिंत बांधली. ती भिंत आजही तिथे आहे. व्होच्या किल्ल्यात फ्रेंच मेजर रेनाल आणि त्याचे लोक जूनमध्ये अडकले तेव्हा शत्रूच्या आधी तहानेने त्यांना हरवलं. टाक्यांतलं पाणी संपलं आणि ७ जूनला त्यांनी शरणागती पत्करली. मदत मागायला सोडलेलं त्यांचं शेवटचं कबूतर विषारी वायूतून पोहोचलं, चिठ्ठी दिली आणि मेलं. त्याला सैनिकी सन्मान मिळाला.

दुओमाँकडे जाणाऱ्या रस्त्यालगत ‘लंडन खंदक’ नावाची एक लांब चर आहे. मातीच्या भिंती धरून ठेवायला लावलेले काँक्रीटचे खांब अजून दोन्ही बाजूंना रांगेने उभे आहेत, काही आत कलंडलेले. माझ्या मते व्हर्दूनमधला सर्वांत बोलका अवशेष हा आहे. तिथे पराक्रमाची गोष्ट नाही, पाटीवर कुणा सेनापतीचं नाव नाही. रात्री पाणी, काडतुसं, सूप घेऊन पुढे जाणाऱ्या आणि जखमींना घेऊन मागे येणाऱ्या माणसांची ती वाट.

व्हर्दूनच्या पश्चिमेला साधारण पंचवीस किलोमीटरवर व्होक्वाची टेकडी आहे. तिथे लढाई जमिनीखालून झाली. दोन्ही बाजू बोगदे खणत, समोरच्याच्या पायाखाली सुरुंग लावत. असे पाचशेहून जास्त स्फोट झाले. माथ्यावरचं गाव हवेत उडालं आणि टेकडी मधोमध फाटून तिथे खोल विवरांची रांग तयार झाली. आज या काठावर उभं राहिलं की समोरचा काठ शत्रूचा होता हे सांगावं लागत नाही. दोन्हींमधलं अंतर बघून कळतं की एकमेकांचं खोकणं ऐकू येत असणार.

दाखवलं जातं ते

दुओमाँजवळ संगिनींचा खंदक आहे. गोष्ट अशी सांगितली जाते की जून १९१६ मध्ये १३७ व्या पायदळ रेजिमेंटचे जवान हल्ल्याच्या तयारीत खंदकात उभे होते, बाजूला गोळे पडून माती कोसळली, सगळे उभ्याउभ्या गाडले गेले आणि फक्त बंदुकांच्या संगिनी मातीबाहेर राहिल्या. अमेरिकेतल्या जॉर्ज रँड या बँकवाल्याने दिलेल्या देणगीतून त्यावर काँक्रीटचं भलंमोठं छत उभारलं आणि डिसेंबर १९२० मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते उद्घाटन झालं. छत उत्तम टिकलंय. संगिनी मात्र हौशी लोकांनी केव्हाच पळवल्या.

गोष्टीबद्दल शंका लवकरच आल्या. खंदकात लढलेले लोकच म्हणू लागले की गोळ्यांनी खंदक असा एकसारखा मिटत नाही, माणसं ओळीने ताठ उभी राहून गाडली जात नाहीत. जास्त पटणारं स्पष्टीकरण असं : चकमकीत मेलेल्या फ्रेंचांना जर्मनांनी त्याच खंदकात माती टाकून पुरलं आणि थडग्याची खूण म्हणून त्यांच्याच बंदुका वर रोवल्या. युद्धात ही पद्धत रोजचीच होती. म्हणजे जवान खरे, त्यांचं मरण खरं, पुरलेली जागाही खरी. त्यावर बसवलेला देखावा तेवढा रचलेला. त्यात माणुसकीचा भागही आहे, शत्रूने केलेलं दफन, पण १९२० साली तो कुणालाच नको होता.

दुओमाँच्या अस्थिगृहाचं तसं नाही. १९३२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. दोन्ही बाजूंच्या सुमारे १,३०,००० अनोळखी सैनिकांची हाडं तिथे एकत्र आहेत, आणि तळाशी असलेल्या लहान खिडक्यांतून ती दिसतात. समोर सोळा हजारांवर क्रूस आणि थडगी. १९८४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मितेराँ आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर कोल हातात हात धरून उभे राहिले ते याच परिसरात. मे २०१६ च्या शताब्दी सोहळ्यात हजारो तरुण मुलामुलींना थडग्यांच्या मधून धावायला लावलं, ढोल वाजवले, आणि फ्रान्समध्ये त्यावरून बराच गदारोळ झाला. सैनिक अजूनही सापडतात. २०१३ साली एकट्या फ्लरीत २६ जणांचे अवशेष मिळाले, आणि गळ्यातल्या वा मनगटावरच्या बिल्ल्यांवरून त्यांतल्या काहींना शतकानंतर नावं परत मिळाली.

मातीत उरलं ते

टाकलेल्या गोळ्यांपैकी किती फुटले नाहीत? कुणी आठातला एक म्हणतं, कुणी चारातला एक. कारणं साधी आहेत. गोळ्याच्या टोकावरचा फ्यूज आपटण्याच्या धक्क्याने पेटतो. दहा महिने घुसळलेल्या चिखलात तो धक्का बसतच नाही, गोळा लोण्यात सुरी जावी तसा खाली जातो. शिवाय १९१५-१६ मध्ये कारखान्यांवर इतका ताण होता की फ्यूज घाईघाईने बनत होते.

न फुटलेला गोळा कालांतराने थंडावतो, हा समज घातक आहे. फ्रेंच गोळ्यांत बहुधा पिक्रिक आम्ल असायचं. ते धातूला थेट लागलं तर पिक्रेट क्षार बनतात आणि ते मूळ स्फोटकापेक्षा जास्त नाजूक असतात, म्हणून गोळ्याच्या आतून रोगण दिलेलं असे. शंभर वर्षांत रोगण जातं, ओल शिरते. वायूच्या गोळ्यांचा त्रास निराळा. जून १९१६ मध्ये जर्मनांनी फ्लरी आणि सूव्हील भागात डायफॉसजीन या दम कोंडणाऱ्या वायूचे, वर हिरव्या क्रूसाची खूण असलेले ‘हिरवा क्रूस’ गोळे प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरले. असा गोळा गंजला की खूण पुसली जाते. आत बारूद आहे की वायू हे बाहेरून सांगता येत नाही, क्ष-किरणाने आतला द्रव पाहावा लागतो. हे काम फ्रान्सच्या नागरी सुरक्षा विभागातले सुरुंगनाशक करतात. ही सेवा १९४५ मध्ये उभी राहिली आणि तिच्यातली शेकडो माणसं तेव्हापासून कामावर असताना मेली आहेत. सध्याच्या वेगाने लाल पट्टा साफ व्हायला किमान तीनशे वर्षं लागतील, असा अंदाज नेहमी दिला जातो. म्हणूनच इथे वाट सोडायची नाही, काही उचलायचं नाही. परवान्याविना धातुशोधक यंत्र फिरवणं हा गुन्हा आहे.

आणि यातला सर्वांत वाईट अवशेष पर्यटकांच्या नकाशावर नसतोच. व्हर्दूनच्या ईशान्येला स्पँकूरच्या जंगलात एक छोटी मोकळी जागा आहे, स्थानिक लोक तिला ‘वायूची जागा’ म्हणतात. युद्धानंतर उरलेले, वेचलेले गोळे भंगारात घेऊन तांबं-पितळ काढणारे धंदे इथे चालले. १९२८ मध्ये याच ठिकाणी सुमारे दोन लाख रासायनिक गोळे जाळून टाकले. जर्मनांच्या ‘निळा क्रूस’ गोळ्यांत आर्सेनिकची संयुगं होती, आणि आर्सेनिक जळून नाहीसं होत नाही. २००० नंतर शास्त्रज्ञांनी माती तपासली तेव्हा काही नमुन्यांत वजनाच्या सतरा टक्क्यांपर्यंत आर्सेनिक निघालं. ग्रॅममध्ये बोलायचं तर किलोभर मातीत १७० च्या वर. त्याशिवाय जस्त, शिसं. चारी बाजूंना झाडं उभी आणि मधला तुकडा जवळजवळ बोडका. एखादं चिवट गवत, शेवाळ आणि दगडफूल तेवढं टिकलेलं. पुढे त्याला कुंपण पडलं. २०१५ साली त्याच भागात गोळे मोडण्याच्या जुन्या कारखान्याची जागा ओळखली गेली, त्यावर शेती चालू होती, आणि प्रशासनाला तिथलं पीक आणि दूध बाजारात जाण्यापासून रोखावं लागलं.

लाल पट्टा परवडत नाही म्हणून बाजूला ठेवला, पण सर्वांत विषारी माती राहिली ती पट्ट्याबाहेर, सफाई जिथे झाली तिथे. साफ करणं म्हणजे बऱ्याचदा एका जागचं विष दुसऱ्या जागी नेऊन जाळणं होतं. १९२० च्या दशकातल्या नकाशांना हा रंगच माहीत नव्हता.

खड्ड्यांनी वेगळीही वस्ती वाढवली. साचलेल्या पाण्यात पिवळ्या पोटाचा बेडूक आणि तुरेवाली पाणसरड अंडी घालते, किल्ल्यांच्या ओल्या बोळांत वटवाघळं हिवाळा काढतात. घोड्यांच्या चाऱ्यातून आलेली परदेशी रोपंही रुजली. अमेरिकी सैन्याच्या पाठोपाठ आलेली निळ्या फुलांची एक बारीक वनस्पती व्हर्दून ज्यात येतं त्या लॉरेन प्रांतात आजही सापडते.

आता प्रश्न जंगलाचाच झालाय. २०१८ पासूनच्या कोरड्या उन्हाळ्यांत खोडकिड्याने स्प्रूसचे मोठे पट्टे मारले. मेलेली झाडं तोडावी लागतात, आणि तोडणीचं यंत्र पंधरा-वीस टनांचं असतं. ते सैरावैरा फिरलं तर शंभर वर्षं टिकलेले खंदक एका दिवसात दबतील, म्हणून वनखातं यंत्रांना ठरावीक पट्ट्यांतूनच नेतं आणि लेझरचा नकाशा बघून ते पट्टे आखतं. सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने पश्चिम आघाडीवरची १३९ ठिकाणं जागतिक वारशाच्या यादीत घेतली, पण ती दफनभूमी आणि स्मारकं आहेत. गोळ्यांनी उकरलेली माती त्यात मोजलेली नाही. तोडलेल्या पट्ट्यांवर पुन्हा काय लावायचं, किती जागा उघडी ठेवायची, उघडी ठेवली तर पावसाने ती किती वर्षांत झिजेल, हे वनखात्याला एकेका तुकड्यासाठी वेगळं ठरवावं लागणार आहे.